माहितीपत्रक वाचून आई म्हणाली, "बारा टक्के म्हणजे स्वस्तच की"

अर्धविराम

मी कर्ज देणाऱ्या एका ॲपसाठी मजकूर लिहिते. बटणावर "पुढे" हवं की "पुढे जा", यावर दोन-दोन मीटिंगा घेणारी जमात, ती आमचीच. गेल्या महिन्यात वेगळंच काम अंगावर आलं. कर्ज घेण्याआधी ग्राहकाला जे माहितीपत्रक दाखवावं लागतं ते "जरा सोपं करून दे" म्हणाले. लीगलकडून आलेला मसुदा नऊ पानांचा. पहिलं पान "सदर", "उपरोक्त" आणि "कर्जदार याद्वारे" यांतच खर्ची पडलेलं, व्याजदर थेट चौथ्या पानावर.

मी कात्री लावली. नऊची चार पानं झाली, लांबलचक वाक्यं तोडली, आणि सगळ्यात वर एक चौकट टाकली:

कर्ज १,००,०००. मुदत १२ महिने. व्याज १२% (फ्लॅट). प्रोसेसिंग फी २%. हप्ता ९,३३३.

मॅनेजर खूष. लीगलनेही नेहमीइतकी कुरकुर केली नाही. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती, म्हणून घरी आईला वाचायला दिलं. आई निवृत्त शिक्षिका, तीही गणिताची. समासात बेरीज करून बघितल्याशिवाय कुठलंही बिल न भरणारी. तिने चष्मा लावून चारही पानं वाचली. म्हणाली, "छान लिहिलंयस. सगळं समजतंय."

मग मी सहज विचारलं, "दुसरीकडे अठरा टक्क्यांनी मिळतंय, घटत्या शिलकीवर, फी काही नाही. कुठलं घेशील?"

"हे काय विचारणं झालं? बाराचं. अठरापेक्षा बारा टक्के म्हणजे स्वस्तच की."

मी कॅलक्युलेटर काढला. घटत्या शिलकीवर म्हणजे जेवढं फेडायचं उरलंय तेवढ्यावरच व्याज, म्हणून अठरावाल्याचा हप्ता येतो ९,१६८. वर्षभरात परत जाणार १,१०,०१६. आमच्या "स्वस्त" कर्जात हप्त्यांचे १,१२,००० आणि वर फीचे २,०००. आई चार हजारांनी महाग कर्ज निवडून मोकळी झाली होती, आणि एकही शब्द तिला अडला नव्हता!

तेव्हापासून डोक्यात भुंगा. सोपं लिहिलं, मोठ्या टायपात लिहिलं, खरं तेच लिहिलं, तरी वाचणारा चुकला. मग मी नक्की काय सोपं केलं? टक्केवारी आधी द्यावी की रक्कम? किती पानं ठीक? ज्यांनी असली कामं केली आहेत त्यांनी कृपया सांगा. "लोक वाचतच नाहीत" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते मला ऑफिसात रोज ऐकायला मिळतं.

वाचनमात्र

राहू द्या म्हणालात तरी सांगतो. मी घराचं कर्ज घेताना एकोणीस सह्या केल्या. त्यातली एक ओळ आठवत नाही. पेन मध्येच चालेनासं झालं आणि समोरच्याने स्वतःचं दिलं, एवढं आठवतं.

मुद्दल

आईंची चूक नाही, "फ्लॅट" या शब्दाची आहे. फ्लॅट म्हणजे बाराही महिने पूर्ण लाखावर व्याज. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम एका हप्त्याएवढं मुद्दल उरलेलं असतं, तरी व्याज लाखाचंच. वर्षाची सरासरी काढली तर तुमच्या हातात निम्म्याहून थोडंच जास्त कर्ज असतं, म्हणून खरा दर दुपटीच्या जवळ जातो. तुमच्या आकड्यांवर तो साधारण २१.५% येतो. दोन टक्के फी आधीच कापून हातात ९८,००० ठेवले तर २५.४%. पडताळून बघा, एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे.

ही खोडी जुनी आहे. कोणी पूर्ण मुद्दलावर दर सांगायचा, कोणी व्याज आधीच कापून घ्यायचा, आणि सगळे आपापल्या आकड्याला "व्याजदर"च म्हणायचे. अमेरिकेत १९६८ साली 'ट्रुथ इन लेंडिंग' कायदा आला त्याचं मोठं कारण हेच. फीसकट सगळा खर्च धरून एकाच पद्धतीने काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, सगळ्यांना सांगायला लावला. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४च्या परिपत्रकातल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्येही (म्हणजे कर्जाआधी दाखवायचं हेच माहितीपत्रक) तोच वार्षिक टक्केवारी दर आहे.

तेव्हा उत्तर सोपं आहे. फ्लॅटचा १२ उडवा, २५.४ मोठ्या अक्षरात छापा. विषय संपला.

खिडकी_क्रमांक_३

विषय संपला असता तर माझी सहा वर्षं वाचली असती.

मी चौदा वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. नंतर सहा वर्षं बरोब्बर उलटं काम: असे कागद लोकांसमोर ठेवायचे आणि ते कुठे अडखळतात ते टिपायचं. त्या चौदा वर्षांत एक प्रश्न मला न चुकता विचारला गेला. "हप्ता किती बसेल?" दुसरा प्रश्न, तोही निम्म्याच लोकांकडून: "कधी मिळेल?" एपीआर काय, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही धड सांगता आलं नसतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुद्दलरावांचा २५.४ गणिताने बरोबर आहे. पण अमेरिकेने घरकर्जाचे नवे फॉर्म केले (३ ऑक्टोबर २०१५पासून लागू, आधीच्या चार कागदांचे दोन झाले), तेव्हा त्यांनीच हा लाडका एपीआर उचलून तिसऱ्या पानावर नेला. का, तर चाचण्यांमध्ये लोक पहिल्या पानावरचा व्याजदर आणि एपीआर यांत गोंधळत होते. "मला सातने देणार म्हणालात, मग हे सव्वासात काय?" या थाटाचा गोंधळ. तुलना करायला एपीआरसारखं हत्यार नाही, पण एकटं कर्ज समजून घ्यायला त्याचा फारसा उपयोग नाही. आईंच्या समोर दोन कर्जं होती, तिथे तो हवाच होता. ज्याच्यासमोर एकच कर्ज आहे आणि खिशात अमुक इतकाच पगार येतो, त्याला एकूण किती जाणार ते रकमेत सांगा.

आता माझी स्वतःची गोष्ट. टेबलावरची.

एक बाई आल्या. कर्ज घेऊन चार हप्ते झाले होते, कुठून तरी पैसे आले, कर्ज बंद करायचं होतं. मी हिशोब काढून दिला. त्यात एक ओळ होती, मुदतपूर्व परतफेड शुल्क. बाई म्हणाल्या, हे मला सांगितलं नव्हतं. मी सहावं पान उघडलं, कलम दाखवलं, खाली त्यांची सही दाखवली. कलम असं होतं: "मुदतपूर्व परतफेडीच्या प्रसंगी थकीत मुद्दलावर ४% शुल्क आकारण्यात येईल."

त्यांनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. आणि शांतपणे म्हणाल्या, "मग मला कसं लागेल? मी तर एकही हप्ता थकवला नाही."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. 'आउटस्टँडिंग'चं भाषांतर कोणीतरी कधीतरी "थकीत" असं करून ठेवलेलं, आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं ते "शिल्लक" असं वाचत आलो होतो. मराठीत थकीत म्हणजे बुडवलेलं, लांबवलेलं. बाईंनी कलम वाचलं होतं, नीट वाचलं होतं, आणि शब्दाचा जो अर्थ होतो तोच घेतला होता. "हे आपल्यासाठी नाही" म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. शुल्क मी वसूल केलं, नियमच होता. पण त्या दिवसानंतर "सही आहे ना" हे वाक्य माझ्या तोंडून निघेनासं झालं.

म्हणून अर्धविरामताई, तुमचं चुकलं ते लिहिण्यात नाही, विचारण्यात. तुम्ही आईला आधी "कसं वाटतं?" विचारलंत. त्याला "समजतंय" हेच उत्तर येतं, न समजलेला माणूसही तेच देतो, उलट जरा जास्त जोरात देतो. तुमचा दुसरा प्रश्न खरा. कुठलं घेशील? काम सांगा आणि गप्प बसा. कागद त्यांच्याच हातात राहू दे, ही स्मरणशक्तीची परीक्षा नाही. आम्ही ठरलेली कामं द्यायचो: हातात किती पडतील ते बोट ठेवून दाखवा. वर्षभरात एकूण किती जातील? एक हप्ता दहा दिवस उशिरा भरला तर त्या महिन्यात किती? चौथ्या हप्त्यानंतर बंद केलं तर? बोट कुठे कुठे फिरतं ते बघत राहायचं. चुकीच्या चौकटीवर जाऊन थांबलं की समजायचं, तिथे आपण काहीतरी मूर्खपणा केलाय.

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) २००७ साली ८१९ जणांच्या हातात त्यावेळचे घरकर्जाचे अधिकृत फॉर्म ठेवून असेच प्रश्न विचारले. जवळपास निम्म्यांना कर्जाची रक्कम नीट सांगता आली नाही. एक तृतीयांश लोकांना व्याजदर सापडला नाही. मुदतपूर्व फेडीचा दंड आहे, हे दोन तृतीयांश लोकांच्या लक्षातच आलं नाही. कायद्याने ठरवून दिलेले कागद होते हे. तेच आकडे नव्या मांडणीत दिल्यावर बरोबर उत्तरं चांगलीच वाढली.

मांडणीचं म्हणाल तर २०१५च्या त्या फॉर्ममधली एक गोष्ट मी बिनदिक्कत उचलली आहे, तुम्हीही उचला. रक्कम, व्याजदर आणि हप्ता यांच्यासमोर एक प्रश्न छापलेला आहे: "कर्ज झाल्यानंतर ही रक्कम वाढू शकते का?" आणि पुढे ठळक हो किंवा नाही. दंडाचंही तसंच. आहे का? हो. लोक कलम वाचत नाहीत, पण आपल्याच मनातला प्रश्न छापलेला दिसला की थांबतात. तुमच्या पत्रकात असं होईल:

"चौथ्या हप्त्यानंतर कर्ज बंद केलं तर जादा पैसे पडतील का? हो. तेव्हा साधारण ६९,००० फेडायचे बाकी असतील, त्यावर २,७६० जादा."

(मी ४ टक्के धरलेत, तुमचे असतील ते घाला.) टक्के वाचणाऱ्याने सोडवत बसण्यापेक्षा रक्कम आपणच काढून द्यावी, यात कंपनीचा काही तोटा नाही. फक्त आकडा बोचतो. तो बोचायलाच हवा.

पानांची संख्या विचारलीत. युरोपात गुंतवणुकीच्या ठरावीक योजनांसाठी १ जानेवारी २०१८पासून जे माहितीपत्रक सक्तीचं झालं त्याला ए-फोर कागदाच्या तीन बाजूंची मर्यादा आहे. मर्यादा असावी, पण तिच्यात फार जीव अडकवू नका. मी एका पानाचे असे कागद पाहिलेत की सगळं मावावं म्हणून अक्षरं मुंगीएवढी केलेली, आणि चार पानी कागद पाहिलेत ज्यांचं पहिलं पान वाचून माणूस उठला तरी चालेल. दुसरा बरा.

शंकासुर

खिडकीसाहेबांचा प्रतिसाद आवडला, तरी आमच्या नावाला जागून थोडं पाणी ओततो.

कागद कितीही सुंदर करा, तो कधी दिला जातो यावर निम्मं ठरतं. ब्रिटनच्या फिनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाने, २०१५ साली ओव्हरड्राफ्टच्या (खात्यात असतील त्याहून जास्त पैसे काढण्याच्या) खर्चाचा अभ्यास केला. बँका वर्षाच्या शेवटी "तुम्ही इतकं शुल्क भरलंत" असा सुबक गोषवारा पाठवायच्या. परिणाम? काही नाही. ज्यांनी मोबाइलवर सूचना किंवा बँकेचं ॲप सुरू केलं त्यांचं न ठरवलेल्या ओव्हरड्राफ्टचं शुल्क ५ ते ८ टक्क्यांनी घटलं, दोन्ही वापरणाऱ्यांचं २४ टक्क्यांनी. गोषवारा वर्ष संपल्यावर येतो, सूचना पैसे उडायच्या आत.

क्रेडिट कार्डाचंही तेच. अमेरिकेच्या २००९च्या कायद्याने बिलावर छापायला लावलं की फक्त किमान रक्कम भरलीत तर फिटायला किती वर्षं लागतील, आणि ३६ महिन्यांत फेडायचं तर दरमहा किती भरा. माहिती चोख, जागा बिलावरच, भाषा सोपी. नंतर संशोधकांनी खाती तपासली तेव्हा ती ३६ महिन्यांवाली रक्कम भरणाऱ्या खात्यांचं प्रमाण वाढलं होतं जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शंभर खात्यांत एकसुद्धा नाही.

आणि कधीकधी माहिती दिल्याने नुकसानच होतं. केन, लोवेनस्टाईन आणि मूर या तिघांचा २००५ साली छापून आलेला प्रयोग माझा आवडता. नाण्यांनी भरलेली बरणी. एकाने ती लांबून, थोडाच वेळ बघायची आणि आत किती पैसे आहेत ते ओळखायचं. दुसऱ्याने ती जवळून बघून त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना ओळखणाऱ्याचा अंदाज चढा आला तर जास्त पैसे मिळणार होते. हे हितसंबंध उघड सांगितले तेव्हा काय व्हावं? ओळखणाऱ्याने सल्ला थोडा कमी धरला, पण पुरेसा नाही. आणि सल्लागाराने आकडा आणखी फुगवला! एकदा सांगून टाकलंय ना, आता समोरच्याने बघून घ्यावं. लहानपणी "मी आधीच सांगितलं होतं हं" म्हणून चिमटा काढणारी मुलं असायची, तीच मोठी होऊन सल्लागार झाली असावीत. तुमच्या पत्रकात "आमच्या प्रतिनिधीला कमिशन मिळू शकते" असं वाक्य असेलच. ते ग्राहकाला जेवढं सावध करतं, त्याहून जास्त प्रतिनिधीला मोकळं करतं.

ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स इथल्या नियामकांनी २०१९ साली एकत्र अहवाल काढून हेच मान्य केलं, की नुसत्या माहितीपत्रकावर भिस्त ठेवून चालत नाही. वाईट कर्ज चांगल्या टायपात छापलं तरी ते वाईटच राहतं.

खिडकी_क्रमांक_३

शंकासुर, मान्य. तरी एक पाकीट तुमच्यासमोर ठेवतो. पगाराच्या भरवशावर दोन आठवड्यांसाठी दिली जाणारी महागडी कर्जं असतात ना, त्यांच्यावर बर्ट्रंड आणि मोर्स या दोघांनी प्रयोग केला (२०११ साली छापून आला). कर्जाचे पैसे ज्या पाकिटात घालून देतात, त्याच पाकिटावर छापलं: हेच कर्ज दोन आठवडे, एक महिना, दोन महिने, तीन महिने फिरवत राहिलात तर फी किती होईल, रकमेत, आणि शेजारी तेवढंच कर्ज क्रेडिट कार्डावर घेतलं तर किती. पुढच्या चार महिन्यांत त्या लोकांचं कर्ज घेणं सुमारे ११ टक्क्यांनी कमी झालं. टक्क्यांचा दर त्या दुकानांत आधीही लावलेलाच असायचा. फरक पाकिटाने पाडला.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. (वाचनमात्र, तुमचेही. तुमचं ते पेन मी मीटिंगमध्ये वापरलं.)

दहा दिवसांनी लिहितेय. काय झालं ते सांगते.

चौकट पुन्हा केली. वर तीन रकमा: हातात पडतील ९८,०००. बारा महिन्यांत परत द्याल १,१२,०००. म्हणजे हे कर्ज तुम्हाला १४,०००ला पडलं. खाली हप्ता. त्याखाली एकच दर, २५.४%, आणि समोर "दुसऱ्या कर्जाशी तुलना करताना त्याचा हाच दर विचारा". मग खिडकीसाहेबांचे हो-नाही वाले प्रश्न. चौथ्या पानावर "थकीत मुद्दल" आमच्याकडेही निघालं, तीन वेळा! लीगलच्या माणसाला फोन केला. तो आधी म्हणाला, कायद्याचा शब्द आहे, बदलता येणार नाही. मी त्यालाच विचारलं, थकीत बिल म्हणजे कुठलं बिल? पाच सेकंद शांतता. "शिल्लक मुद्दल" करून आलं दुपारपर्यंत.

चाचणी सहाजणांवर केली, आई धरून. गप्प बसणं फार अवघड आहे हो. बोट चुकीकडे निघालं की माझ्या घशापर्यंत शब्द येत होते. सहापैकी पाचजणांनी एकूण रक्कम बरोबर दाखवली. उशिराच्या दंडावर मात्र चौघे चुकले. "दररोज" हा शब्द मी ओळीच्या शेवटी टाकला होता आणि मोबाइलवर तो तुटून खालच्या ओळीत जात होता. चारही जणांनी दंड एकदाच लागतो असं धरलं. कागदावर वाचताना हे मला कधीच दिसलं नसतं.

आईने या वेळी दोन्ही कर्जं शेजारी ठेवली आणि एका मिनिटात अठरावालं उचललं. मग म्हणाली, "पण तुमच्या जाहिरातीत तर बाराच लिहिलंय."

लिहिलंय खरं. मार्केटिंगने पत्रकातून फ्लॅट दर काढायला हरकत घेतली नाही, पण ॲपच्या पहिल्या स्क्रीनवरचा भलामोठा "फक्त १२%" त्यांना हवाच आहे. म्हणजे ग्राहक बारा वाचून आत येणार आणि सहाव्या स्क्रीनवर त्याला २५.४ भेटणार. एव्हाना आधार-पॅन देऊन झालेलं असतं, सेल्फी काढून झालेला असतो. तिथून कोण मागे फिरतंय? शंकासुर म्हणाले तेच, वेळ चुकली. यावर गुरुवारी मीटिंग आहे. काही सुचवाल का?

मुद्दल

माझा "विषय संपला" मागे घेतो. मीटिंगसाठी: पहिल्या स्क्रीनवर १२ ठेवायचाच असेल तर शेजारी त्याच आकाराच्या टायपात "एक लाखामागे १४,०००" लिहायला सांगा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा.

खिडकी_क्रमांक_३

आणि मीटिंग सुरू व्हायच्या आधी, चहा येईपर्यंत, मार्केटिंगवाल्यांच्या हातात दोन कर्जांचे कागद द्या. एकावर १२ फ्लॅट आणि फी, दुसऱ्यावर १८ घटत्या शिलकीवर. कुठलं घ्याल विचारा आणि गप्प बसा. कॅलक्युलेटर देऊ नका.

अर्धविराम

पाचजण होते. चौघांनी बारावालं घेतलं. पाचवा मोबाइल काढून हिशोब करत होता, त्याला बाकीचे हसले, मग त्याने स्क्रीन फिरवून दाखवला.

पहिल्या स्क्रीनचा निर्णय पुढच्या गुरुवारवर गेलाय. "दररोज" मात्र ओळीच्या सुरुवातीला आणलाय.